मुकी माती

सेलूच्या एका कापसाच्या जिनात हरिदास तेलवाला होता. तेलवाला म्हणजे तेल विकणारा नव्हे. जिनात वर ओळीनं रेचे असतात, त्यांवर बायका कापूस टाकत राहतात, रुई एकीकडे आणि सरकी दुसरीकडे पडते. हे सगळे रेचे फिरवणारा लांबलचक लोखंडी दांडा खाली तळघरात असतो. त्या दांड्याच्या सांध्यासांध्याला तेल पाजत दिवसभर कमरेत वाकून फिरायचं, हे हरिदासचं काम. वरून पाहणाऱ्याला ते फार सोपं वाटे. पाहणारा कधी खाली उतरत नसे.

राहायला तो हिंगणीला. सेलूहून तीन कोस, सायकलनं जाणं-येणं. शिक्षण चौथी पास. हिंगणीच्या त्यांच्या वस्तीत धड वाचता येणारे तेव्हा दोनच होते. त्यातला एक पोलिसात भरती होऊन गेला आणि पुन्हा वस्तीकडे फिरकला नाही. राहिला हरिदास. त्यामुळे कोणाचं पत्र आलं, कोर्टाचा कागद आला, की लोक त्याच्याकडे येत, आणि पुढं जे ओझं त्याच्या खांद्यावर आलं तेही याच एका कारणानं आलं.

छपन्नच्या दसऱ्याला वस्तीतली झाडून सगळी माणसं नागपूरला गेली आणि बौद्ध होऊन परत आली. हरिदासची माय जिजाबाई तेव्हा साठीच्या पुढची. पांढरं लुगडं मागून आणून नेसली होती. परत आल्यावर तिनं घरातले देव स्वतःच्या हातानं टोपलीत भरले आणि बोर नदीत सोडून आली. रडलीबिडली नाही. अर्धं आयुष्य त्या देवांना घाबरण्यात गेलं होतं, आता जीव हलका झाला म्हणाली.

पण पुढच्याच माघात शेजारचा कवडू मेला, आणि वस्तीला पहिल्यांदा कळलं की जुनं सोडणं एका दिवसात होतं, नवं यायला मात्र वेळ लागतो. इकडं मयताला माती म्हणतात. कवडूच्या मातीला सगळे जमले. खड्डा खणला, कवडूला आत ठेवला, आणि माणसं एकमेकांकडं पाहत उभी राहिली. पूर्वी काय करायचं ते पोरासोरांनाही पाठ होतं. ते आता कोणालाच करायचं नव्हतं, आणि नवं काय म्हणायचं ते कोणालाच येत नव्हतं. एकानं नागपुरात ऐकलेलं त्रिशरण सुरू केलं, दुसऱ्या ओळीला अडखळला आणि गप्प झाला. शेवटी कोणी तरी म्हणालं, लोटा माती. लोटली आणि घरी आले.

जिजाबाई त्या दिवशी जेवली नाही. "मुक्यानं माती देल्ली तुमी कवडूले," ती हरिदासला म्हणाली. "कुत्रं पुरतेत तसं पुरलं त्याले. मले तशी माती देऊ नोको. तुले वाचता येते. जाय, कुठं शिकवतेत तिथून शिकून ये."

हरिदासनं हो म्हटलं. मायला नाही म्हणायची त्याला सवयच नव्हती.

वर्ध्याला महादेवराव म्हणून एक निवृत्त मास्तर होते. आपल्या घराच्या ओसरीवर ते दर रविवारी धम्माचा वर्ग घेत. वर्षभराचा अभ्यास. शेवटी नागपूरहून दोन जाणती माणसं येऊन परीक्षा घेणार आणि पास झालेल्याला गावात संस्कार लावायची परवानगी, सहीशिक्क्यानं, मिळणार. वर्गात बारा जण होते. कोणी रेल्वेत, कोणी नगरपालिकेत झाडू खात्यात, एक शिंपी. हरिदास सगळ्यांत लांबून यायचा. हिंगणीहून वर्धा आठ-नऊ कोस. पहाटे निघे आणि पोचेपर्यंत अंगातला सदरा पिळून काढावा असा झालेला असे.

महादेवराव माणूस प्रेमळ, पण त्यांचे नियम फार कडक. पालीतल्या गाथा एकमेकांच्या वहीतून उतरवून घ्यायच्या नाहीत. आधी त्यांच्या तोंडून ऐकायच्या, मग दहा वेळा म्हणायच्या, आणि ते मान हलवतील तेव्हाच वहीत लिहायच्या. "उतरवून उतरवून शब्दांचा चोथा होतो," ते म्हणत. "आपल्या लोकांना आजवर सगळ्यांनी अर्धवट दिलं. हे तरी पुरतं द्या." क्रमही ठरलेला. आधी वंदना आणि शील, मग चार सत्यं, अष्टांग मार्ग, मग नामकरण, लग्न, गृहप्रवेश. मरणाचा पाठ सर्वांत शेवटी.

पावसाळ्यात जिन बंद असे. तेव्हा हरिदास शेतात मजुरीला जाई आणि रविवार आपला ठेवी. ते चार महिने त्याच्या आयुष्यातले सुखाचे म्हणायचे. निंदणाच्या ओळीत वाकल्या वाकल्या तो वंदना घोकत असे. दुःख आहे, या पहिल्या सत्याशी त्याचं भांडण नव्हतंच. दुःखाला कारण असतं, हे ऐकल्यावर मात्र तो आठवडाभर विचार करत राहिला. आजवर त्याला सगळ्यांनी नशीब म्हणूनच सांगितलं होतं. बायकोला, अन्नपूर्णेला, तो चुलीपुढं बसून हे समजावून सांगे. ती भाकर थापता थापता म्हणे, "ते समदं ठीक हाय, पन कारन सापडलं तं भैयाजीले बी सांगजो."

भैयाजी म्हणजे जिनाचा मुकादम. दिवाळीला जिन सुरू झालं आणि त्यानं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "देख हरिदास, सीझनमधी रविवार-बिविवार काही नाई. कापसाच्या बैलबंड्या गेटवर उभ्या राह्यतेत. तुह्या शाळेसाठी मशीन थांबनार नाई."

हरिदासनं हातापाया पडून एकाआड एक रविवार मागून घेतला. त्या बदल्यात दुसऱ्या तेलवाल्याची दुपारची पाळी आपल्या अंगावर घेतली. म्हणजे आठवडाभर दीडपट काम आणि रविवारी सतरा-अठरा कोस सायकल. घशात रुईचा भुसा बसलेला, त्यामुळं गाथा म्हणताना आवाज फाटे. वही त्यानं मेणकापडात गुंडाळून तेलाच्या डब्याच्या कडीला बांधली होती. खाली तळघरात दांड्याचा ठेका धडधडे, त्या ठेक्यात तो लग्नाच्या मंगल गाथा म्हणत फिरे. त्या त्याला अशा पाठ झाल्या की दांडा थांबला तरी जीभ थांबेना. आणि सम्यक स्मृतीचा, म्हणजे सदा सावध राहण्याचा पाठ महादेवराव शिकवत होते, त्या दिवशी हरिदास वर्गात चक्क घोरला. सगळे हसले. मास्तर हसले नाहीत. त्यांनी त्याच्या डोक्याखाली आपलं उपरणं सारलं आणि हळू आवाजात पुढं शिकवलं.

पौष संपता संपता जिजाबाईनं अंथरूण धरलं. आधी ताप, मग खोकला, मग छातीत पाणी झालं म्हणून सेलूच्या डॉक्टरनं सांगितलं. आणि नेमका माघातल्या एका रविवारी महादेवराव मरणाचा पाठ सुरू करणार होते. तीन रविवार चालणार होता. हरिदासनं भैयाजीला ते तिन्ही रविवार मागितले.

"तीन?" भैयाजी म्हणाला. "एक बी नाई. एक रेचा गरम होऊन बसला परवा. पायजे तं जाय, पन मंग सोमवारी येजो नोको. गेटवर दहा जन उभे हायेत."

खरंच उभे होते. हरिदासनं पाहिले. घरी आजारी माय, औषध चालू, अन्नपूर्णा पोटुशी. तो रविवारी तळघरात उतरला. कोणी म्हणेल, जायला हवं होतं. म्हणणाऱ्यानं एकदा आपलं पोट त्या गेटवर उभं करून पाहावं.

संध्याकाळी घरी आला तेव्हा जिजाबाई भिंतीला टेकून वाटच पाहत होती. "शिकवलं काय रे मातीचं?"

हरिदासनं सदऱ्यावरची रुई झटकली आणि तेवढ्या वेळात त्याच्या तोंडून निघून गेलं, "हो माय. शिकवलं."

एवढंच बोलून सुटका झाली असती तर बरं. पण जिजाबाई ती जिजाबाई. "मंग आइकव."

"आता काऊन? अशुभ बोलू नोको."

"काऊन म्हंजे? मेल्यावर मले काय आइकू येईन? आता म्हन. मले मालूम असू दे का काय म्हननार हाय."

त्यानं त्रिशरण म्हटलं. "हे तं मले बी येते," ती म्हणाली. पंचशील म्हटलं. "हे जित्या मानसाचं होय. मरनाचं म्हन."

हरिदासच्या वहीत मरणाचं पान कोरं होतं. पुढं मायचे डोळे, दोन विझत्या वाती. त्याची जीभ आपोआप त्या एकाच गोष्टीकडं वळली जी त्या जिभेला झोपेतही येत होती. त्यानं लग्नाच्या मंगल गाथा म्हटल्या. जिनाच्या ठेक्यात नाही, सावकाश, आवाज खाली ओढून, जड करून. पाली कोणाला कळत होती? जिजाबाई डोळे मिटून ऐकत राहिली. संपल्यावर म्हणाली, "गोड हाय रे. आता काही भेव नाई."

पुढच्या रविवारी खरं शिकून येऊ आणि मग खरंच म्हणू, असं त्यानं मनाशी ठरवलं. पुढच्या रविवारीही जिन चालू होतं. त्याच्या पुढच्याही. दरम्यान जिजाबाईला तो नादच लागला. रोज संध्याकाळी त्यानं म्हणायचं आणि तिनं ऐकायचं. तब्येत बघायला आलेल्या बायकांनाही ती बसवून घेई. "बसा, माह्या मातीचं आइका." कवडूची सून यशोदा तर लेकरू मांडीवर घेऊन रोज येई. कवडूला मुक्यानं पुरलं याची खंत तिलाही होतीच. हे मातीचंच ना भाऊ, असं तिनं एकदा विचारलं, तेव्हा हरिदास हो म्हणाला. ऐकून ऐकून बायकांच्या ओठांवर ते शब्द आले. हरिदासला ते दिसे आणि त्याच्या तोंडचा घास कडू होई. अन्नपूर्णेला त्यानं एकदा सगळं सांगितलं. तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं आणि म्हणाली, "आता तुमी काही बोलू नोका. बुढी सुखानं जाऊ द्या."

जिजाबाई फाल्गुनात गेली. सुखानंच गेली म्हणायचं. सगळी वस्ती मातीला लोटली. खड्ड्याशी हरिदास उभा राहिला, आणि आता दुसरं काही म्हणणं शक्यच नव्हतं, कारण त्या गाथा सगळ्यांच्या कानात होत्या. त्यानं मायच्या मातीला लग्नाच्या गाथा म्हटल्या. बायका हुंदके देत होत्या. एक म्हातारा त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "वस्तीची लाज राखली तू." हरिदासला वाटलं, आपणही त्या खड्ड्यात उतरावं.

पंधरा दिवसांत गोवराची साथ आली. यशोदाचं लेकरू चार दिवस तापलं आणि गेलं. सव्वा वर्षाचं पोर. यशोदा स्वतः हरिदासच्या दारात येऊन उभी राहिली. "भाऊ, मायले म्हनलं तेच म्हनजा माह्या लेकराले. मुक्यानं जाऊ देऊ नोका."

हरिदासला तेव्हाही खरं येत नव्हतं. आणि पोर मेलेल्या बाईला दारात उभं करून सांगायचं काय? तो गेला आणि म्हणून आला.

चैत्रात जिन बंद झालं तसा तो दुसऱ्याच दिवशी महादेवरावांच्या ओसरीवर जाऊन बसला. मास्तरांनी चुकलेला पाठ त्याला एकट्याला पाच दिवस शिकवला. मरणाच्या गाथा निघाल्या अगदी छोट्या. सगळं घडलेलं मोडतं, असा त्यांचा साधा अर्थ. हरिदास त्या म्हणताना रडला. मास्तरांना वाटलं, मायची आठवण आली. ते काही चूक नव्हतं. वैशाखी पौर्णिमेला परीक्षा झाली आणि हरिदास बारा जणांत दुसरा आला. सहीशिक्क्याचा कागद मिळाला. तो त्यानं जिथं पूर्वी देवांचं फडताळ होतं तिथं चिकटवला, पण त्याच्याकडं पाहणं तो टाळत असे.

आणि त्याच महिन्यात कवडूच्या मुलीचं, गिरजाचं लग्न ठरलं. नवरा कारंजा घाडग्याचा. हिंगणीतलं नव्या रीतीचं पहिलं लग्न. लावणार कोण? घरचा माणूस असताना बाहेरचा कशाला? कौतुकानं महादेवरावांनाही बोलावणं गेलं आणि तेही विद्यार्थी बघायला म्हणून उन्हाचे आले.

हरिदासनं आदल्या दिवशी मास्तरांना गाठून विचारलं, "गुरुजी, मंगल गाथा गाळल्या तर नाही चालणार?"

"लग्नातल्या मंगल गाथा गाळायच्या? मग उरलं काय? घाबरू नकोस, मी बाजूला बसतो. तू म्हण."

तेव्हा तरी सांगावं की नाही! नाही सांगितलं. त्याऐवजी त्यानं एक बारीक हिशेब केला. मातीला आपण सावकाश म्हटलं होतं. लग्नात भराभर म्हणू, आनंदाच्या चालीवर. कोणाला ओळखू येणार आहे?

मांडवात दोन्हीकडची माणसं बसली. हरिदासनं सगळ्यांना त्रिशरण दिलं. मग पंचशील दिलं. खोटं बोलणार नाही, हे चौथं शील सगळ्या मांडवानं त्याच्यामागं म्हटलं. मग त्यानं श्वास घेतला आणि भरधाव मंगल गाथा सुरू केल्या.

दुसऱ्या ओळीला बायकांतली कुजबुज थांबली. तिसऱ्या ओळीला एका म्हातारीनं हुंदका दिला. का देते आहे हे तिला स्वतःलाही कळलं नसावं, सवयीनं आला. चौथ्या ओळीला यशोदा मागून उठली. तिनं गिरजाला दंडाला धरून उभं केलं आणि ओरडली, "थांबा! हे काऊन म्हनून राह्यले तुमी? हे तं मातीचं होय! माह्या पोरीसारक्या नणदेवर मातीचं म्हनता?"

कारंज्याची माणसं उभी राहिली. नवऱ्याचा बाप गरजला, हा काय प्रकार आहे? महादेवराव चकित होऊन म्हणाले, "बाई, या लग्नाच्याच गाथा आहेत. तो बरोबर म्हणतो आहे."

"मी आइकलं ना!" यशोदा म्हणाली. "रोज आइकलं. जिजामायच्या मातीले आइकलं. माह्या लेकराच्या मातीले आइकलं."

महादेवरावांनी मान वळवून हरिदासकडं पाहिलं. त्या एका नजरेखाली हरिदास उभाच्या उभा वाळला. पण या वेळी त्याची जीभ खोट्याकडं गेली नाही. "गुरुजी खरं सांगून राह्यले," तो म्हणाला. "हे लग्नाचंच होय. तवा मले मातीचं येत नवतं. मायनं विचारलं, तं मी हेच म्हनून देल्लं. मंग फिरवता आलं नाई."

यशोदानं गिरजाचा दंड सोडला. तिचा आवाज आता अगदी खाली आला होता.

"मंग माह्या लेकराचं तुमी लगन लावलं?"

हरिदास खाली बसला. लग्न महादेवरावांनी लावलं. कारंज्याचे लोक समजूतदार होते, म्हणून लागलं. गाथा पुन्हा पहिल्यापासून म्हटल्या, पण हिंगणीच्या बायका ऐकताना पदर तोंडात धरून बसल्या होत्या. जेवणं झाल्यावर मास्तर हरिदासला एवढंच म्हणाले, "गाथा मंगलच आहेत रे. मेलेल्यांचं त्यानं काही वाईट झालं नाही." मग चपला पायांत सरकवत म्हणाले, "जिवंतांचं काय ते तू बघ."

दुसऱ्या दिवशी सकाळी हरिदास नदीकाठच्या मातीच्या जागेवर गेला. आधी मायच्या ढिगाऱ्याशी उभा राहिला आणि खऱ्या गाथा म्हटल्या. एक अक्षर चुकलं नाही. परीक्षेतही इतक्या चोख झाल्या नव्हत्या. म्हणून झाल्यावर त्याला तिचाच प्रश्न आठवला, मेल्यावर मले काय आइकू येईन? मग तो कवडूपाशी गेला, ज्याला काहीच मिळालं नव्हतं. शेवटी लेकराच्या ढिगाऱ्याशी आला, तर तिथं यशोदा बसलेली होती. तो थबकला, पण ती हलली नाही, म्हणून त्यानं तिथंही म्हटलं.

ती शेवटपर्यंत ऐकत राहिली. मग वर पाहून विचारलं, "हे तरी मातीचं होय काय, भाऊ?"

"हो."

"तवा बी तुमी हो म्हनलं होतं," ती म्हणाली, आणि ढिगाऱ्यावरचा एक खडा उचलून बाजूला ठेवला.

हरिदासनं त्यानंतर हिंगणीत कधी संस्कार लावला नाही. दिवाळीला जिन सुरू झालं तसा तो तळघरात उतरला आणि पुढं कैक वर्षं उतरत राहिला. वस्तीत कोणाची माती असली की महादेवरावांना सायकलनं आणायला मात्र तोच जाई. मास्तर गाथा म्हणत आणि तो सगळ्यांच्या मागं, मुक्यानं, उभा राही.